गाझेत द्यु बॉं तॉं : हाताने रंगवलेल्या एका फ्रेंच मासिकाचा इतिहास

१/
नोव्हेंबर १९१२. पॅरिसमधील लुसियाँ व्होजेल या पंचविशीतील प्रकाशकाच्या आयुष्यात एकाच महिन्यात दोन घटना घडल्या. ३ तारखेला त्यांना मुलगी झाली. तिचे नाव मारी-क्लोद. त्याच महिन्यात त्यांच्या नव्या मासिकाचा पहिला अंक बाहेर पडला. त्याचे नाव ‘गाझेत द्यु बॉं तॉं’, म्हणजे ‘अभिजात रुचीचे वर्तमानपत्र’.

मासिकाचे काम होते श्रीमंत स्त्रियांचे पोशाख जगाला दाखवणे. त्याच महिन्यात जन्मलेली मुलगी पुढे न्यूरेंबर्गच्या न्यायालयात उभी राहून आउश्वित्झमध्ये काय पाहिले ते जगाला सांगणार होती. या दोन गोष्टींना जोडणारा दुवा आहे तो छापील चित्रावरचा विश्वास. त्याचा हा इतिहास.

२/
पॅरिसमध्ये फॅशनची चित्रे छापण्याची परंपरा जुनी होती. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर, १७९७ मध्ये, ‘जुर्नाल दे दाम ए दे मोद’ हे नियतकालिक सुरू झाले. त्यातील हाताने रंगवलेली कोरीव चित्रे युरोपभर पाहिली जात. लंडन, व्हिएन्ना वा सेंट पीटर्सबर्गमधील शिंपी त्यावरूनच पॅरिसचा नवा कट ओळखत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र ही परंपरा थकली होती. यंत्रावर लाखोंनी छापली जाणारी चित्रे स्वस्त झाली, पण निर्जीवही झाली. चेहरे एकसारखे, उभे राहण्याची ढब एकसारखी, फक्त झालर आणि बाही बदललेली. १९०१ मध्ये निघालेल्या ‘ले मोद’सारख्या मासिकांनी तर छायाचित्रांचा आधार घेतला. पोशाखाचे चित्र म्हणजे दुकानातील मालाची यादी, एवढेच त्याचे मोल उरले होते.

३/
हे चित्र पालटण्यास कारण झाला पॉल प्वारे हा पोशाखकार. त्याने स्त्रियांच्या कमरेचा आवळपट्टा दूर केला आणि खांद्यावरून सरळ खाली सुटणारे, गडद रंगांचे पोशाख आणले. या साध्या रेषा जुन्या पद्धतीच्या चित्रात मावत नव्हत्या. म्हणून १९०८ मध्ये त्याने पॉल इरीब या तरुण चित्रकाराकडून, तर १९११ मध्ये जॉर्ज लपाप याच्याकडून आपल्या पोशाखांचे स्वतंत्र चित्रसंग्रह करून घेतले.

प्वारेच्या प्रसिद्ध फेट्यांचे मूळ भारतात होते. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात मांडलेल्या भारतीय पगड्या पाहून तो इतका भारावला की त्यांच्या बांधणीचा अभ्यास करण्यासाठी त्याने आपल्या कार्यशाळेतील प्रमुख कारागीर स्त्रीला पॅरिसहून तेथे धाडले. हे त्यानेच आपल्या आठवणींत नोंदवले आहे. पॅरिसच्या रंगमंदिरात मिरवणारी ‘पौर्वात्य’ फॅशन अशी वसाहतींच्या संग्रहालयातून आली होती.

४/
आता व्होजेल. ते ‘आर ए देकोरासियाँ’ या कलाविषयक मासिकाच्या संपादनाशी संबंधित होते. त्या मासिकाच्या एप्रिल १९११ च्या अंकात एडवर्ड स्टायकेन या छायाचित्रकाराने टिपलेली प्वारेच्या पोशाखांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. आधुनिक फॅशन-छायाचित्रणाचा आरंभ अनेक अभ्यासक येथूनच मानतात.

म्हणजे कॅमेऱ्याने काय साधते हे व्होजेल यांनी जवळून पाहिले होते. तरीही दीड वर्षाने स्वतःचे मासिक काढताना त्यांनी कॅमेरा बाजूला ठेवला आणि कुंचला निवडला. छायाचित्र पोशाख कसा आहे ते दाखवते. तो पोशाख घालून जगणे कसे वाटेल हे चित्रकार दाखवतो, अशी या निवडीमागची धारणा होती. गंमत अशी, की पुढे याच मासिकाचा अंत छायाचित्राने केला, आणि व्होजेल यांची सर्वांत मोठी कामगिरीही छायाचित्रांतूनच घडली.

५/
व्होजेल यांना घरातूनही बळ होते. त्यांची पत्नी कोझेत ही द ब्रुनॉफ घराण्यातील. तिचे वडील मोरीस द ब्रुनॉफ हे ‘कोमेदिया इल्युस्त्रे’ या नाट्यविषयक नियतकालिकाचे आणि रशियन बॅले मंडळीच्या देखण्या कार्यक्रमपत्रिकांचे प्रकाशक होते. १९०९ पासून या बॅलेने पॅरिसला वेड लावले होते. लिओन बाक्स्टच्या नेपथ्यातील लाल, नारिंगी, मोरपंखी रंग रंगभूमीवरून कपड्यांवर आणि कपड्यांवरून दिवाणखान्यांत उतरले होते.

चित्रकार, पोशाखकार, नाटकमंडळी आणि मुद्रक यांचे एकच वर्तुळ झाले होते. या वर्तुळाला कागदावर घर हवे होते. तेच घर म्हणजे गाझेत.

६/
मासिकाचे सगळे रूपच हट्टाने जुन्या वळणाचे होते. कागद उंची. अंकात मजकुराच्या पानांबरोबर दहाच्या आसपास सुटी, पूर्ण पानाची रंगीत चित्रे. उपशीर्षकात कला आणि फॅशन यांच्या जोडीला ‘चंचल गोष्टी’ही सन्मानाने बसवलेल्या.

मजकुरासाठी वापरलेली मुद्राक्षरेही नवी होती. जॉर्ज पेन्यो यांच्या टाइप फाउंड्रीने अठराव्या शतकातील ताम्रपट-कोरक्यांच्या अक्षरांवरून ‘कोशॅं’ नावाचे वळण घडवले होते. ते प्रथम लोकांसमोर आले ते गाझेतच्या पानांतून. आजही संगणकावरील अक्षरवळणांच्या यादीत ‘कोशॅं’ हे नाव सापडते.

वर्षाची वर्गणी होती १०० फ्रँक. त्या काळी ‘ल पती जुर्नाल’ हे लोकप्रिय दैनिक ५ सांतीमला मिळे. गाझेतच्या एका वर्षाच्या वर्गणीत त्या दैनिकाच्या २,००० प्रती, म्हणजे जवळपास साडेपाच वर्षांची वर्तमानपत्रे आली असती.

७/
एवढी किंमत कशासाठी? उत्तर ‘पोश्वार’ या छपाईच्या पद्धतीत आहे.

दारात रांगोळी काढताना भोके पाडलेला छाप ठेवून वरून रांगोळी फिरवतात, तसेच हे तत्त्व. चित्रकार अपारदर्शक जलरंगांत मूळ चित्र काढून देई. मग एक कुशल कारागीर त्या चित्राकडे पाहून त्यातील रंग वेगळे करी. निळा कोठे, त्यातलाच फिका निळा कोठे, गुलाबी कोठे, हे ठरवून प्रत्येक छटेसाठी पातळ पत्र्याचा किंवा तेल पाजलेल्या जाड कागदाचा स्वतंत्र छाप कापला जाई. एका चित्राला वीस-तीस छापही लागत.

आधी काळ्या बाह्यरेषा यंत्रावर छापून घेत. पुढचे सगळे रंगकाम हातांचे. छाप कागदावर नेमका बसवायचा, जाड गोल कुंचल्याने रंग फिरवायचा, सुकू द्यायचा. मग दुसरा छाप, दुसरा रंग.

८/
या पद्धतीचा परिणाम यंत्राच्या छपाईहून अगदी निराळा. यंत्रावरील रंगीत चित्र भिंगाखाली पाहिले तर बारीक ठिपके दिसतात. पोश्वारच्या चित्रात ठिपके नसतात, कागदावर बसलेला खराखुरा रंग असतो. कडेला त्याचा किंचित उंचवटाही जाणवतो. सोनेरी-चंदेरी रंग उजेडात हलतात. प्रत्येक प्रत इतर प्रतींसारखी, आणि तरी तंतोतंत तशी नाही.

या कलेचा पॅरिसमधील श्रेष्ठ जाणकार झाँ सोदे याने १९२५ मध्ये तिच्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला. पण दिवसभर बाकावर ओळीने बसून एकेक रंग भरणाऱ्या कारागिरांची, त्यांत मोठ्या संख्येने असलेल्या स्त्रियांची, नावे मासिकाच्या पानांवर आली नाहीत. चित्राखाली चित्रकाराची सही असे, पोशाखकाराचे नाव असे. रंग ज्यांच्या बोटांतून उतरला त्या मात्र निनावीच राहिल्या.

९/
मासिकाचा आर्थिक पायाही चतुर होता. पॅरिसमधील सात नामांकित वस्त्रगृहांशी व्होजेल यांनी करार केला : शेरुई, दयूये, दूसे, पाकॅं, प्वारे, रेडफर्न आणि वर्थ. प्रत्येक अंकात या सातांच्या पोशाखांची सात चित्रे येत. उरलेली तीन चित्रे चित्रकारांच्या स्वतःच्या कल्पनेतील पोशाखांची असत. ते पोशाख कोणी शिवलेले नसत, कदाचित शिवताही आले नसते.

मग ही कला की जाहिरात? दोन्ही. वस्त्रगृहांना प्रतिष्ठा हवी होती, चित्रकारांना काम आणि मोकळीक, व्होजेल यांना पैसा. जाहिरातदार पोशाख देई, पण तो कोणत्या प्रसंगात, कोणत्या रेषेत उतरवायचा हे चित्रकार ठरवी. जाहिरात करणाऱ्याने चित्रकाराच्या हाती इतकी सूत्रे सोपवल्याची उदाहरणे त्याआधी फार थोडी होती.

१०/
ते चित्रकार कोण? जॉर्ज लपाप, जॉर्ज बार्बिए, शार्ल मार्तां, आंद्रे-एदुआर मार्ती, पिएर ब्रिसो आणि त्याचा आतेमामे-चुलत गोतावळ्यातील भाऊ बर्नार बुते द मॉंव्हेल, इटलीहून आलेला उंबेर्तो ब्रुनेलेस्की. यांतले बरेचसे तरुण, चांगल्या घरचे, नीटनेटक्या पोशाखाचे शौकीन. १९१४ मध्ये अमेरिकेतील ‘व्होग’ने त्यांच्यावर लेख छापताना त्यांना ‘कंकणधारी सरदार’ असे चेष्टेचे आणि कौतुकाचे नाव दिले.

प्रत्येकाचा स्वभाव चित्रात उतरे. बार्बिएच्या स्त्रिया ग्रीक कलशांवरून उतरल्यासारख्या, मार्तीच्या हळव्या, मार्तांच्या खट्याळ, बुते द मॉंव्हेलच्या ताठ आणि कोरीव. पोशाखाच्या चित्रात चित्रकाराची ओळख पटावी, ही गोष्ट तेव्हा नवी होती.

११/
एक चित्र पाहू. पहिल्याच हंगामात लपापने प्वारेचा नाटकाला जाताना घालायचा झगा रंगवला. साधी पद्धत अशी की स्त्री उभी करावी आणि झग्याचे काठ, कळ्या, अस्तर दिसेल असे तिला वळवावे. लपापने रिकाम्या नाट्यगृहात एकटीच पोहोचलेली स्त्री काढली. चित्राचे नावच मुळी एक प्रश्न : आपण लवकर तर आलो नाही ना?

पाहणाऱ्याला झगा दिसतो, पण त्याआधी तिची किंचित फजिती दिसते. गाझेतमधील उत्तम चित्रे अशी लहानशी गोष्ट सांगतात : आलेले पत्र, चुकलेली भेट, पावसात उघडलेली छत्री, लेकराला दाखवलेले कारंजे. पोशाख हा त्या गोष्टीचा भाग होऊन येतो. आजच्या फॅशन मासिकांत मॉडेलला एखाद्या प्रसंगात उभे करतात, त्या कल्पनेची मुळे या चित्रांत आहेत.

१२/
या जगात काय नव्हते, हेही पाहावे लागते. गाझेतच्या चित्रांतील स्त्रिया काम करीत नाहीत. त्या बागेत असतात, नाटकाला जातात, आरशासमोर रेंगाळतात. ज्या मुली हे पोशाख शिवत त्या या पानांवर नाहीत. पॅरिसमध्ये त्यांना ‘मिदिनेत’ म्हणत. दुपारच्या जेवणाच्या सुटीत घाईघाईने दोन घास खाताना रस्त्यावर दिसणाऱ्या मुली म्हणून.

गाझेतचा डोळा कापडाची प्रत्येक चुणी टिपत होता. ती चुणी घालणारा हात त्याच्या चौकटीबाहेर होता. तो काळ तसाच होता, असे म्हणता येईल. पण काळ लवकरच बदलला आणि चौकटीबाहेरची माणसे रस्त्यावर आली.

१३/
ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटले आणि मासिक बंद पडले. चित्रकार गणवेशात गेले. बुते द मॉंव्हेलही आघाडीवर लढला.

सर्वांत मोठा घाव बसला तो अक्षरे ओतणाऱ्या घराण्यावर. ‘कोशॅं’ अक्षरांचे जनक जॉर्ज पेन्यो सप्टेंबर १९१५ मध्ये रणांगणावर पडले. त्यांचे तीन भाऊ, आंद्रे, रेमी आणि लुसियाँ, हेही त्याच युद्धात गेले. पॅरिसच्या पंधराव्या विभागातील एका रस्त्याला ‘चार पेन्यो बंधूंचा रस्ता’ असे नाव आहे. ज्यांनी विलासी मासिकासाठी नाजूक अक्षरे घडवली, त्या घराण्यातील चार भाऊ आज रस्त्याच्या पाटीवर एकत्र आहेत.

१४/
युद्धकाळात गाझेतचा एकच अंक निघाला, १९१५ च्या उन्हाळ्यात, आणि तोही अमेरिकेच्या साह्याने. ‘व्होग’चे मालक काँदे नास्ट यांच्या सहकार्याने काढलेला हा अंक सॅन फ्रान्सिस्कोतील पनामा-पॅसिफिक प्रदर्शनात मांडलेल्या फ्रेंच पोशाखांना वाहिलेला होता. पॅरिस जिवंत आहे, हे सागरापलीकडच्या गिऱ्हाइकांना सांगणे हा त्याचा हेतू. फ्रान्सच्या दृष्टीने वस्त्रोद्योग हा परकीय चलनाचा आणि हजारोंच्या पोटाचा प्रश्न होता.

मे १९१७ मध्ये त्याच वस्त्रगृहांतील मिदिनेत संपावर गेल्या. शनिवारची अर्धी सुटी आणि महागाईचा भत्ता या त्यांच्या मागण्या. हजारो मुली गाणी म्हणत पॅरिसच्या रस्त्यांवरून निघाल्या. त्या जिंकल्या, जून १९१७ मध्ये त्यांच्या धंद्यासाठी शनिवारच्या अर्ध्या सुटीचा कायदा झाला.

१५/
१९२० मध्ये गाझेत पुन्हा सुरू झाले. सात वस्त्रगृहांच्या वर्तुळाबाहेरची लाँव्हॅं, व्हिओने ही नावे आता आत आली. मादलेन व्हिओनेच्या तिरक्या कापाचे पोशाख थायात या इटालियन कलावंताने इतक्या भूमितीय रेषांत मांडले की काही चित्रे यंत्राच्या आराखड्यासारखी भासतात. चित्रांतील स्त्रीही बदलली. तिचे केस आखूड झाले, घोटे दिसू लागले, ती मोटार चालवू लागली, सिगारेट ओढू लागली.

पण मालकी बदलली. १९२१ मध्ये काँदे नास्ट यांनी मासिक विकत घेतले. १९२० पासून पॅरिसमध्ये त्यांच्या ‘व्होग’ची फ्रेंच आवृत्तीही निघत होती. एका घरात दोन मासिके : एक हाताने रंगवलेले आणि मोजक्यांसाठीचे, दुसरे यंत्रावर छापलेले आणि पुष्कळांसाठीचे. दोघांतले कोण टिकणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

१६/
१९२३ मध्ये नास्ट यांनी आपल्या मासिकांसाठी मुख्य छायाचित्रकार नेमला. तो होता एडवर्ड स्टायकेन, बारा वर्षांपूर्वी प्वारेचे पोशाख टिपणारा. चक्र पूर्ण फिरले होते. पोशाख पाहणाऱ्याला आता तो खऱ्या अंगावर पाहायचा होता. हस्तकामाची मजुरी वाढत गेली आणि छायाचित्र छापणे स्वस्त होत गेले.

१९२५ मध्ये गाझेत बंद झाले आणि ‘व्होग’मध्ये विलीन झाले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये आधुनिक सजावटी कलांचे भव्य आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. त्याच्याच नावावरून पुढे ‘आर्ट डेको’ ही संज्ञा रूढ झाली. ज्या शैलीला गाझेतने तेरा वर्षे कागदावर वाढवले, तिचा जगभर जयजयकार होत असतानाच मासिकाने निरोप घेतला. नंतर विक्रेत्यांनी अनेक खंड सुटे करून त्यांतील चित्रे चौकटींत घालून विकली. म्हणूनच आज एकेक पान सहज दिसते, पूर्ण संच क्वचित.

१७/
या चित्रकारांपैकी एकाचा धागा थेट मराठी राजघराण्यापर्यंत येतो. बर्नार बुते द मॉंव्हेल पुढे श्रीमंतांची व्यक्तिचित्रे रंगवणारा मातब्बर चित्रकार झाला. इंदूरचे यशवंतराव होळकर दुसरे यांचे चित्र त्याने १९२९ मध्ये युरोपीय मेजवानीच्या काळ्या पोशाखात रंगवले. पुढे १९३३-३४ च्या सुमारास त्याने त्यांचे दुसरे चित्र केले, ते पारंपरिक मराठा वेशात.

हे तरुण महाराज आधुनिक युरोपीय कलेचे जाणते आश्रयदाते होते. एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुरचनाकाराकडून त्यांनी इंदूरचा माणिकबाग राजवाडा नव्या शैलीत सजवून घेतला. भारतीय पगड्यांवरून पॅरिसने फेटे उचलल्याला वीस-एक वर्षे झाली होती. आता पगडी डोक्यावर असलेला भारतीय राजाच गाझेतच्या चित्रकाराला काम देत होता, आणि आपण कसे दिसायचे हे स्वतः ठरवत होता.

१८/
व्होजेल यांच्या घरातही चित्रांचे वेड वाढतच होते. १९२२ मध्ये त्यांनी ‘जार्दॅं दे मोद’ हे अधिक सोपे, घरगुती वळणाचे फॅशन मासिक उभे केले. त्याच प्रकाशनसंस्थेने १९३१ मध्ये एका हत्तीच्या पिलाची गोष्ट छापली. लेखक-चित्रकार होते कोझेतचे भाऊ झाँ द ब्रुनॉफ, आणि हत्तीचे नाव बाबार.

मोठ्या आकाराचे पान, हाताने लिहिल्यासारखी अक्षरे, चित्र आणि मजकूर एकमेकांत मिसळलेले. मुलांच्या पुस्तकांना या पुस्तकाने नवे वळण दिले. पानाची मांडणी हीच गोष्ट सांगण्याची रीत आहे, हे गाझेतच्या घराण्याचे शहाणपण त्यात स्पष्ट दिसते. कोझेतचे दुसरे भाऊ मिशेल यांनी १९२९ पासून पुढची पंचवीस वर्षे फ्रेंच ‘व्होग’चे संपादन केले.

१९/
मात्र व्होजेल स्वतः पोशाखांच्या पलीकडे निघाले होते. २१ मार्च १९२८ रोजी त्यांनी ‘व्ह्यू’ हे साप्ताहिक काढले. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ ‘पाहिलेले’. बातमीला चित्र जोडण्याऐवजी छायाचित्रांच्याच मालिकेतून बातमी सांगायची, ही त्याची पद्धत. आंद्रे केर्तेझ, जर्मेन क्रुल, मॅन रे असे छायाचित्रकार त्यात झळकले. १९३६ मध्ये अमेरिकेत निघालेल्या सुप्रसिद्ध ‘लाइफ’च्या आधी ‘व्ह्यू’ने हा मार्ग आखून ठेवला होता.

ज्यांनी १९१२ मध्ये कॅमेरा नाकारला, त्यांनीच १९२८ मध्ये तो केंद्रस्थानी आणला. यात वरवर विसंगती आहे. आत मात्र एकच सूत्र आहे : चित्र हे मजकुराचे अलंकरण नव्हे, ते स्वतःच विधान आहे. फरक पडला तो चित्राच्या विषयात. गाझेतच्या चौकटीबाहेर राहिलेले जग, म्हणजे बेकार, संपकरी, निर्वासित आणि सैनिक, आता पानावर आले.

२०/
जानेवारी १९३३ मध्ये जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. मार्चच्या उत्तरार्धात ओरानिएनबुर्ग आणि दाखाउ येथे बंदिछावण्या उघडल्या गेल्या. त्याच वसंतात ‘व्ह्यू’ची माणसे वृत्तांकनासाठी जर्मनीत गेली. त्यांत वीस वर्षांची मारी-क्लोद होती. तिला जर्मन येत होते आणि ती कॅमेरा शिकली होती.

या दोन्ही छावण्यांची चोरून टिपलेली छायाचित्रे घेऊन ती परतली आणि ३ मे १९३३ च्या अंकात ‘व्ह्यू’ने ती छापली. छावण्या उघडून जेमतेम सहा आठवडे झाले होते. ‘आम्हाला काही ठाऊक नव्हते’ असे पुढे युरोपात पुष्कळांनी म्हटले. पॅरिसच्या वृत्तपत्रांच्या दुकानात ते १९३३ च्या मे महिन्यातच टांगलेले होते.

२१/
१९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध सुरू झाले. ‘व्ह्यू’ने प्रजासत्ताकाची बाजू उघडपणे घेतली. २३ सप्टेंबरच्या अंकात रॉबर्ट कापाचे, गोळी लागून कोसळणाऱ्या सैनिकाचे जगप्रसिद्ध छायाचित्र आले. भांडवलदारांना हा कल मानवला नाही आणि त्याच वर्षी व्होजेल यांना स्वतःचे साप्ताहिक सोडावे लागले. १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर ते अमेरिकेत गेले. युद्धानंतर परतले आणि १९५४ मध्ये त्यांचे निधन झाले.

मारी-क्लोद फ्रान्समध्येच राहिली. कम्युनिस्ट नेते पॉल वाय्याँ-कुत्युरिए यांच्याशी १९३७ मध्ये तिचा विवाह झाला आणि त्याच वर्षी ती विधवा झाली. जर्मन ताब्याच्या काळात ती प्रतिकार चळवळीत उतरली. फेब्रुवारी १९४२ मध्ये तिला अटक झाली. २४ जानेवारी १९४३ रोजी २३० स्त्री राजबंद्यांना घेऊन एक गाडी आउश्वित्झकडे निघाली. त्यांत ती होती. त्या २३० पैकी ४९ परतल्या.

२२/
२८ जानेवारी १९४६. न्यूरेंबर्गचे आंतरराष्ट्रीय न्यायालय. तेहेतीस वर्षांची मारी-क्लोद साक्षीदाराच्या जागी उभी राहिली. बर्फातील हजेऱ्या, उपासमार, मरणाच्या निवडी हे सारे तिने शांत, नेमक्या शब्दांत सांगितले. १९४४ मध्ये आपण शिवणकामाच्या बराकीत होतो, आणि ती बराक गाड्या थांबत त्या जागेच्या समोरच होती, हेही तिने सांगितले. उतरलेल्या माणसांतून कोणाला गॅसकोठडीकडे धाडले जाते हे तिने तेथून पाहिले होते. पॅरिसच्या सर्वांत देखण्या फॅशन मासिकाबरोबर जन्मलेली मुलगी आउश्वित्झमध्ये शिवणकाम करीत होती आणि पाहत होती.

साक्ष संपवून परतताना ती आरोपींच्या पिंजऱ्याजवळून गेली आणि त्यांचे चेहरे तिने जवळून न्याहाळले.

२३/
१९९६ मध्ये तिचे निधन झाले. गाझेतची चित्रे आज संग्रहालयांत आहेत, लिलावांत विकली जातात, शुभेच्छापत्रांवर छापली जातात. ती सुंदर आहेत यात शंका नाही. पण ते मासिक केवळ सुंदर म्हणून आठवले तर अर्धाच इतिहास हाती येतो.

छापील चित्र हे गंभीर काम आहे, त्यासाठी उत्तम कागद, उत्तम अक्षर आणि उत्तम डोळा लावला पाहिजे, हा आग्रह व्होजेल यांनी रेशमी झग्यांपासून सुरू केला. त्या चौकटीत तेव्हा शिवणाऱ्या मुलीला जागा नव्हती, रंग भरणारीला नाव नव्हते. पुढे त्याच घराने चौकट रुंदावली, आणि जे पाहू नये असे सत्ताधाऱ्यांना वाटत होते तेही छापले. झग्याची चुणी आणि छावणीचे कुंपण या दोहोंकडे एका घरातील माणसांनी तितक्याच बारकाईने पाहिले, आणि जे पाहिले ते दाखवले.